लाख-दीड लाख पळालेली गाडी घेताय? पैसे देण्याआधी एवढं बघा



आपल्यातले बरेच जण आता मासळी स्वतःच्या गाडीतून न्यायचं बघतात. हिडकलच्या पाण्यावरून पहाटे निघालेला रोहू-कटला वेळेत बेळगाव, संकेश्वर किंवा निपाणीच्या बाजारात पोचला तर भाव मिळतो. ऊन चढलं की गिऱ्हाईक कल्ला उचलून बघतंय आणि पुढं जातंय. भाड्याची गाडी वेळेवर येत नाही म्हणून स्वतःची घ्यायची, आणि नवी परवडत नाही म्हणून जुनी घ्यायची. हा हिशोब काही चुकीचा नाही.

पण जुनी गाडी घाटात बंद पडली तर नुकसान गाडीपुरतं राहत नाही. मेस्त्री येईपर्यंत बर्फ वितळतो, माल जातो आणि कर्जाचा हप्ता तसाच राहतो. म्हणून जास्त पळालेली गाडी कशी तपासायची, हे आम्ही इथं सविस्तर लिहीत आहोत. पिकअप, छोटा हत्ती, ओम्नी, इको किंवा घरची कार, बहुतेक गोष्टी सगळ्यांना लागू होतात.

मीटरवरचा आकडा कसा वाचायचा

पहिली गोष्ट म्हणजे जास्त किलोमीटर म्हणजे वाईट गाडी, असं नाही. हायवेवर एका वेगानं, गरम इंजिनावर पळालेली दोन लाखांची गाडी ही गावात पाच-पाच मिनिटं चालू-बंद केलेल्या ऐंशी हजारांच्या गाडीपेक्षा चांगली असू शकते. इंजिनाची जास्त झीज थंड असताना होते, कारण तेव्हा ऑईल सगळीकडं पोचलेलं नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आकडा खरा आहे का, याचा हिशोब घाला. धंद्याची पिकअप दिवसाला १२० किलोमीटर आणि वर्षात ३०० दिवस चालली तर वर्षाला ३६,००० होतात, पाच वर्षांत १,८०,०००. आता पाच वर्षांची पिकअप मीटरवर ६०,००० दाखवत असेल तर ती दिवसाला फक्त ४० किलोमीटर चालली असं होतं. तसं असूही शकतं, पण मालकाला विचारा, "गाडी कुठल्या लाईनवर होती?" उत्तर आणि आकडा जुळला पाहिजे.

मीटर मागं फिरवता येतो, पण झिजलेलं रबर परत वाढत नाही. क्लच आणि ब्रेकच्या पायट्यांचं रबर, स्टिअरिंगवरची गुळगुळीत चमक, ड्रायव्हरच्या सीटची दबलेली कड, गियरच्या मुठीवरचे पुसलेले आकडे बघा. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. तीस हजार पळालेल्या गाडीला चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले दिसले तर विचारायला हवं. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जात असेल तर तिथल्या बिलांवर किलोमीटर लिहिलेले असतात. ती बिलं मागा.

गाडी थंड असतानाच जा

सगळ्यात मोलाची तपासणी फुकट असते. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, "आम्ही सकाळी येतो, तोपर्यंत गाडी चालू करू नका." गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. छोटा हत्ती आणि ओम्नीचं इंजिन सीटखाली असतं, तिथं सीट उचलून बघा. इंजिन आधीच गरम असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. बरीच दुखणी गरम इंजिनात लपतात.

चालू करायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या, ऑईल आणि पाणी.

ऑईलची पट्टी काढा. डिझेलचं ऑईल काळं असतं, त्याला घाबरू नका. पण ते दुधाळ, चहासारखं दिसलं तर ऑईलमध्ये पाणी जातंय. हेड गॅसकेट गेलेलं असू शकतं किंवा हेडला चीर असू शकते. ऑईल पातळीच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर इंधन खाली उतरतंय. ऑईल अगदी ताजं पण नको तितकं जाड वाटलं तर इंजिनाचा आवाज दाबायला घातलेलं असू शकतं.

रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडायचं. गरम रेडिएटर उघडला तर उकळतं पाणी तोंडावर येतं, हे विसरू नका. आत रंगीत कूलंट असेल तर बरं. तांबूस गढूळ पाणी म्हणजे वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलंय आणि आत गंज आहे. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर तिथंच थांबा. झाकण काढलेलंच ठेवून इंजिन चालू करा आणि एक-दोन मिनिटंच बघा. बुडबुडे सतत येत राहिले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. पाणी तापायच्या आत झाकण परत बसवा.

धूर आणि आवाज

आता एकानं गाडी चालू करायची आणि दुसऱ्यानं सायलेन्सरमागं उभं राहायचं. हे मोकळ्या जागेत करा, बंद शेडमध्ये नको.

निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. चालू करताना जरासा येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे सील झिजलेत. रेस केल्यावर सतत येत असेल तर रिंगा किंवा टर्बो बघायला पाहिजे.

काळा धूर म्हणजे इंधन पुरतं जळत नाही. एअर फिल्टर बुजलेला असेल तर दुखणं स्वस्तातलं. इंजेक्टर किंवा पंप असेल तर महागातलं.

पांढऱ्या धुराचे प्रकार दोन. थंडीच्या सकाळी थोडी वाफ निघते आणि विरते, ती काळजीची नाही. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि गोडसर वास येत राहिला तर कूलंट जळतंय. डिझेलचा वास येऊन डोळे चुरचुरत असतील तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनकडं बोट जातं.

इंजिन चालू असताना ऑईल भरायचं झाकण सैल करून उलटं ठेवा. थोडी थरथर चालते. झाकण उडून पडत असेल आणि भसाभसा वाफ येत असेल तर मेस्त्री म्हणतात तसं इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे रिंगा आणि बोअर झिजलेत. अशा गाडीला आज ना उद्या इंजिनचं काम काढावं लागणार. उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीमुळं मशीनकामाची माणसं बेळगावात मिळतात हे खरं, पण पूर्ण इंजिन बांधायचं म्हणजे खर्च मोठा आणि गाडी बरेच दिवस उभी.

नव्या पद्धतीच्या कॉमन रेल डिझेलला इंजेक्टर हाच मोठा खर्च. मेस्त्रीला इंजेक्टरचा रिटर्न तपासायला सांगा. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला छोटी बाटली लावून ठराविक वेळ इंजिन चालवतात. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त डिझेल आलं तर तो इंजेक्टर झिजलाय.

टायमिंगची चौकशी जरूर करा. ओम्नीला टायमिंग बेल्ट आहे, स्विफ्टच्या १.३ डिझेलला चेन आहे. बेल्ट कंपनीनं सांगितलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून खर्च मांडा. पुष्कळ इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेडचं काम निघतं. चेन असेल तर थंड चालू करताना पुढून साखळीचा खडखडाट येतो का, तो ऐका.

घाटात घेऊन जा, भरून घेऊन जा

रिकामी गाडी सपाट रस्त्यावर कुणाचीही चांगलीच पळते. आपल्या भागात एक सोय आहे, घाट जवळ आहेत. निपाणीकडच्या माणसानं तवंदी घाट, बेळगावकडच्यानं वंटमुरीचा चढ निवडावा. जांबोटी-कणकुंबीकडून चोर्ला घाटानं माल न्यायचा असेल तर गाडी त्याच रस्त्यावर तपासा. मागं वजन टाका. वीस लिटरचे दहा कॅन पाणी भरले की २०० किलो होतात. पिकअप असेल तर आणखी टाका, पण गाडीच्या मर्यादेत.

चढावर तीन गोष्टी बघा.

एक, क्लच. वरच्या गियरमध्ये ॲक्सिलेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच घसरतोय. जळका वास आला तर खात्रीच. पायटा अगदी वर आल्यावर क्लच पकडत असेल तर प्लेट संपत आलीय.

दोन, तापमान. काटा मध्यावर येऊन थांबला पाहिजे. चढावर वर-वर जात राहिला तर रेडिएटर, थर्मोस्टॅट, फॅन किंवा हेड गॅसकेट, यातलं काहीतरी आहे. काटा अजिबातच हलत नसेल तर तेही वाईट, सेन्सर काढून ठेवलेला असू शकतो.

तीन, ओढ. इथं गाडी ओळखून न्याय करा. २००५ साली आलेला पहिला छोटा हत्ती दोन सिलिंडरचा, ७०२ सीसीचा, सोळाएक हॉर्सपॉवरचा. तो चढावर रांगणारच, तो त्याचा दोष नव्हे. पण टर्बोची पिकअप तशीच रांगत असेल, शिट्टीसारखा आवाज करत असेल, टर्बोच्या पाईपात ऑईल साचलं असेल तर टर्बोचा खर्च धरा.

उतारावर पाय ॲक्सिलेटरवरून काढा. गियर आपोआप न्यूट्रलला सटकला तर गिअरबॉक्सचं काम आहे. मागून घूंऽऽ असा आवाज वेगाबरोबर वाढत असेल तर डिफरन्शियल किंवा चाकाचं बेअरिंग. गियर टाकताना खालून टक्क आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजलाय, ते काम तुलनेनं स्वस्त. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का बघा. नंतर गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबून धरा. पायटा हळूहळू खाली बसत गेला तर मास्टर सिलिंडर गळतोय. त्या अवस्थेत ती गाडी घाटात परत नेऊ नका.

गाडीखाली आडवं व्हा

हा भाग मासळीच्या गाडीला सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका हाच कुणी बघत नाही. गोवा, मालवण, कारवारकडच्या गाड्या आपल्या भागात विकायला येतात. त्यातल्या समुद्रातली मासळी वाहिलेल्या गाड्यांवर बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं गळलेलं असतं. वरून ताजा रंग, खालून चेसिस खाल्लेली. एमएच ०७ किंवा जीए नंबरची गाडी दिसली म्हणून नाकारू नका, पण खालून बघितल्याशिवाय घेऊही नका.

टॉर्च आणि जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या, चेसिसचे दोन लांब बार, कमान पाटे जिथं अडकवलेत ते हँगर, ब्रेकचे लोखंडी पाईप तपासा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. ठणठणीत लोखंड टण्ण वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं आणि पापुद्रे पडतात. खाली नवीन काळा डांबरी लेप असेल तर मालकाला विचारून एका ठिकाणी खरवडून बघा. चेसिसवर वेल्डिंग दिसलं तर गाडी जादा वजनानं तडकली होती किंवा अपघातात गेली होती. चेसिस नंबरच्या आसपास वेल्डिंग किंवा घासलेलं दिसलं तर व्यवहार तिथंच सोडा.

पुढचं चाक जॅकवर उचलून, खाली भक्कम आधार देऊन, वर-खाली धरून हलवा. खेळ आला तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंग पिन. डावी-उजवीकडं धरून खेळ आला तर टाय रॉड एंड. टायर एकाच कडेनं झिजलं असेल तर यातलंच काहीतरी बिघडलंय किंवा चेसिस वाकलीय.

पुरातली गाडी ओळखा

२०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत कोल्हापूर, सांगली आणि आपल्या जिल्ह्यातल्या कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठानं किती पाणी आलं होतं, हे वेगळं सांगायला नको. पुण्या-बंगळूरचा हायवेसुद्धा बंद पडला होता. त्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुढं विकल्या जाऊ शकतात, आणि पाण्याचं दुखणं वर्षा-दोन वर्षांनी वायरिंगमधून बाहेर येतं.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते. पायाखालचं मॅट उचलून वास घ्या. सीटचे नटबोल्ट गंजलेत का, हेडलाईटच्या आत गाळाचा थर आहे का, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या टोकाला हिरवट बुरशी आलीय का बघा. दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका.

करंट आणि स्कॅनर

चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. इंजिन, ऑईल, बॅटरीचे दिवे लागले पाहिजेत आणि चालू केल्यावर विझले पाहिजेत. एखादा दिवा लागतच नसेल तर तो काढून टाकलेला असू शकतो. बॅटरीवर मीटर लावा. बंद गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्ट, चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. चालू असूनही तेरापेक्षा कमी दाखवत असेल तर अल्टरनेटर बघावा लागेल.

नव्या गाड्यांना मेस्त्रीकडचा स्कॅनर जोडून घ्या. आदल्या दिवशी एरर पुसलेले असतील तर गाडी फिरवून आल्यावर परत जोडा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेलमध्ये बहुतेक ठिकाणी धुराची काजळी धरणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. सतत थोडं-थोडं चालणाऱ्या गाडीत तो बुजतो. तो काढून टाकलेली गाडी घेऊ नका, फिटनेसला आणि धुराच्या तपासणीला अडकेल.

सीमेवरचे कागद

इथं आपला प्रश्न बाकीच्यांपेक्षा वेगळा. निपाणीतला माणूस केए २३ सोडून एमएच ०९ ची गाडी बघतो, कारण कोल्हापूर जवळ. गाडी चांगली असेलही, पण परराज्यातली गाडी आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. कर्नाटकात किती कर भरावा लागेल, हे किंमत ठरवण्याच्या आधी आपल्या आरटीओत विचारा. स्वस्त दिसलेली गाडी या आकड्यानं महाग होते.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र घ्या. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी करावं लागतं. ते संपलंय का बघा. विमा, टॅक्स आणि ई-चलन परिवहनच्या वेबसाईटवर गाडीचा नंबर घालून तपासता येतात. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन वर्षभर गाडी जुन्या नावावर फिरवणं दोघांनाही धोक्याचं आहे.

शेवटी कागदावर बेरीज मांडा

मालक २,८०,००० सांगतोय असं समजा. तपासणीत निघालेलं काम मेस्त्रीकडून लिहून घ्या. समजा क्लच १२,०००, दोन टायर १०,०००, एक इंजेक्टर १५,०००, ब्रेक ६,०००, कर आणि नावावर करायचा खर्च २०,००० निघाला. बेरीज ६३,०००. म्हणजे गाडी तुम्हाला ३,४३,००० ला पडते. हे आकडे फक्त उदाहरणाचे, तुमचे तुम्ही काढा. मग त्या रकमेत दुसरी कुठली गाडी मिळते ते बघा, आणि कागद मालकासमोर ठेवून भाव बोला. "थोडं कमी करा की" यापेक्षा "क्लच आणि इंजेक्टर गेलाय, हे बघा" या बोलण्यानं भाव उतरतो.

भाव कमी करून घेता येतील अशा गोष्टी म्हणजे क्लच, टायर, ब्रेक, शॉकअप, बॅटरी, क्रॉस, बेअरिंग. सोडून द्यायच्या गोष्टी म्हणजे ऑईल-पाणी एकत्र झालेलं इंजिन, कुजलेली किंवा जोडलेली चेसिस, पुराची गाडी, जुळत नसलेला चेसिस नंबर आणि थंड इंजिन दाखवायला तयार नसलेला मालक.

ॲडव्हान्स देण्याची घाई करू नका. "दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय" असं प्रत्येक विकणारा म्हणतोच. आपला ओळखीचा मेस्त्री सोबत न्या, त्याची दिवसाची मजुरी द्या. विकणाऱ्यानं सुचवलेल्या मेस्त्रीवर भागवू नका. आणि गाडी घेतलीच तर पहिल्याच आठवड्यात ऑईल, सगळे फिल्टर आणि कूलंट बदला, हौद्यातलं बर्फाचं पाणी बाहेर काढायला नळी बसवा आणि रोज माल उतरल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा. तेवढ्यानं लोखंड जास्त वर्षं टिकतं.

कुणी सभासद गाडी बघायला निघणार असेल तर हा लेख मोबाईलवर जपून ठेवा आणि सोबत जाणाऱ्या मेस्त्रीलाही पाठवा.